वेगवान रेडिओ स्फोटांच्या जागी टिकून राहणारे उत्सर्जन : जुन्या निरीक्षणांवरील प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५

एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थिनींबरोबर आजपासून काम सुरू केले. वेगवान रेडिओ स्फोट (एफआरबी), म्हणजे दूरवरून येणारी रेडिओ लहरींची क्षणिक झळक, काही मिलिसेकंदांत संपतो. परंतु ज्या जागेवरून तो येतो तेथे स्फोट नसतानाही काही तेवत असते का, आणि असल्यास ते रेडिओखेरीज दृश्य प्रकाशात किंवा क्ष-किरणांत दिसते का, एवढाच आमचा प्रश्न आहे. नवे निरीक्षण मिळवण्याची आमची ऐपत नाही आणि तशी गरजही नाही, कारण नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीची निरीक्षणे साधारण अठरा महिन्यांनंतर सर्वांसाठी खुली होतात आणि नोंदणी केली की संग्रहातून मागवता येतात.

पहिले लक्ष्य मुद्दाम जुने आणि उत्तर ठाऊक असलेले निवडले आहे. एफआरबी २०१२११०२ए हा स्फोट आरेसिबो दुर्बिणीच्या २०१२ सालच्या निरीक्षणात सापडला, तो पुन्हा पुन्हा होतो हे २०१६ मध्ये कळले, आणि २०१७ मध्ये व्हीएलए या अमेरिकेतील रेडिओ दुर्बिणीने त्याची जागा एका कोनीय सेकंदाच्या (अंशाच्या ३६००व्या भागाच्या) आतील अचूकतेने निश्चित केली तेव्हा तेथे ३ गिगाहर्ट्झला सुमारे २०० मायक्रोजान्स्कीचा (जान्स्की हे रेडिओ तीव्रतेचे एकक) एक स्थिर रेडिओ स्रोतही आढळला. त्याच वर्षी श्रीहर्ष तेंडुलकर आणि सहकाऱ्यांनी यजमान दीर्घिका, म्हणजे स्फोट जिच्यात होतो ती, ०.१९३ ताम्रसृतीवरील (ताम्रसृती म्हणजे प्रकाश तांबड्याकडे सरकण्याचे माप, त्यावरून अंतर कळते) एक बटू दीर्घिका असल्याचे दाखवले. जीएमआरटीच्या निरीक्षणांतही हा स्रोत इतरांना दिसलेला आहे. त्यामुळे तो आम्हाला दिसला नाही, तर दोष आकाशाचा नसून आमचा असेल.

२१ जून

बँड ४ म्हणजे ५५० ते ८५० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील एका निरीक्षणाची फाइल उतरवण्यात पाच दिवस गेले. महाविद्यालयाच्या जोडणीवर ती दोनदा अर्ध्यात तुटली. तिसऱ्या वेळी रात्री अकरानंतर, तुटलेल्या ठिकाणापासून पुढे चालू करणारी आज्ञा वापरून ती पूर्ण झाली. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

जीएमआरटीच्या एलटीए स्वरूपातील मूळ फाइल प्रथम लिस्टस्कॅन या आज्ञेने वाचावी लागते, मग जीव्हीफिट्सने फिट्स या खगोलशास्त्रातील नेहमीच्या स्वरूपात आणि शेवटी कासा या संगणकप्रणालीच्या स्वरूपात आणावी लागते. या तिन्ही प्रती एकाच वेळी डिस्कवर असतात, हे आमच्या हिशेबात नव्हते. शेवटच्या टप्प्यात जागा संपली आणि रात्रभराचे रूपांतर वाया गेले. चार टेराबाइटची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घेतली, ११,४०० रुपये. मूळ फाइलच्या आकाराच्या किमान चौपट जागा मोकळी असल्याशिवाय रूपांतर सुरू करू नये.

२९ जून

पहिले कॅलिब्रेशन, म्हणजे ठाऊक असलेल्या स्रोतावरून मोजमाप दुरुस्त करणे, फसले. तीव्रतेच्या मापासाठी निरीक्षकांनी ३सी१४७ हा प्रमाण स्रोत वापरला होता. पण फाइलमध्ये त्याचे नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असल्याने आमच्या आज्ञावलीने त्याचे प्रमाण प्रारूप न लावता त्याची तीव्रता मुकाट्याने १ जान्स्की धरली. सूचना पडद्यावर आली होती, पण शेकडो ओळींत ती कोणी वाचली नाही. चित्र तयार झाले, दिसायला सुंदरही होते. नंतर त्यातील ठळक स्रोत एनव्हीएसएस या व्हीएलएच्या जुन्या आकाश सर्वेक्षणाशी ताडून पाहिले तेव्हा सगळे तीस-पस्तीस पटींनी फिके निघाले. एकच गुणक सगळीकडे लागू पडतो आहे, म्हणजे चूक मापाच्या मुळाशी आहे, हे एका विद्यार्थिनीच्या लक्षात आले. प्रारूप हाताने लावून पुन्हा सर्व केले. चार दिवस गेले.

६ जुलै

आज स्रोत 'सापडला नाही', आणि त्याचे कारण लिहिताना थोडी लाज वाटते.

चित्रातील नॉइज (पार्श्वभूमीतील अनियमित चढउतार) मध्यभागी २५ मायक्रोजान्स्कीपर्यंत खाली आला होता, म्हणजे २०० मायक्रोजान्स्कीचा स्रोत सहज आठपट उठून दिसायला हवा होता. दिलेल्या निर्देशांकांवर मात्र काहीच नव्हते. दोन दिवस आम्ही दूषित आकडे काढून टाकण्याचे काम म्हणजेच फ्लॅगिंग पुन्हा केले, जवळजवळच्या अँटेनांच्या जोड्या गाळून पाहिल्या, चित्र काढताना जोड्यांना दिलेले वजन बदलून पाहिले. शेवटी यादीतील निर्देशांक कोठून आले हे तपासले, तेव्हा ते ५ तास ३२ मिनिटे ९.६ सेकंद आणि +३३ अंश ५ मिनिटे असे निघाले. ही आरेसिबोने प्रथम दिलेली जागा आहे. एकाच मोठ्या तबकडीच्या दुर्बिणीला स्फोट आपल्या बीमच्या (दुर्बीण एका वेळी पाहते त्या आकाशाच्या तुकड्याच्या) मध्यात पडला की कडेच्या पाकळीत, हे एका स्फोटावरून कळत नाही. व्हीएलएने निश्चित केलेली जागा ५ तास ३१ मिनिटे ५८.७० सेकंद, +३३ अंश ८ मिनिटे ५२.५ सेकंद अशी आहे. दोहोंतील अंतर चार कोनीय मिनिटांहून थोडे अधिक भरते. दुर्बीण योग्य जागीच रोखलेली होती. आम्हीच चित्रात चुकीच्या कोपऱ्यात पाहत होतो.

योग्य जागी नजर टाकताच ठिपका दिसला.

या चुकीतून एक उपयोगी हिशेब मात्र हाती आला. चित्राच्या मध्यभागातील पाव चौरस अंशात आम्हाला २९० स्रोत मिळाले. त्या दाटीने चार मिनिटांच्या त्रिज्येच्या वर्तुळात योगायोगानेच सोळा स्रोत पडतात, तर दोन सेकंदांच्या त्रिज्येत योगायोगाने एखादा पडण्याची शक्यता हजारात एक एवढीच उरते. स्फोटाची जागा सेकंदाच्या अचूकतेने ठाऊक नसेल, तर 'त्याच्या जागी रेडिओ स्रोत आहे' या वाक्याला काही अर्थ राहत नाही.

१३ जुलै

ठिपक्याची तीव्रता २१० मायक्रोजान्स्की भरली. व्हीएलएच्या २०१७ च्या मापनांत १.६ गिगाहर्ट्झला २५०, ३ व ६ गिगाहर्ट्झला सुमारे २०५, १० ला १६६ आणि २२ गिगाहर्ट्झला ६६ मायक्रोजान्स्की असे आकडे आहेत, म्हणजे वर्णपट (वारंवारतेनुसार बदलणारी तीव्रता) बराच सपाट असून दहा गिगाहर्ट्झच्या पुढे तो कोसळतो. आमचा आकडा या रांगेत बसतो. त्यामुळे हुरूप वाढला आणि चित्र आणखी स्वच्छ करण्यासाठी स्वयं-कॅलिब्रेशनच्या, म्हणजे चित्रातील स्रोतांवरूनच मोजमाप सुधारण्याच्या, फेऱ्या वाढवल्या. तेथे पुढची चूक झाली.

प्रथम फक्त कलेच्या (लहरीच्या फेजच्या) तीन फेऱ्या केल्या होत्या. आता कला आणि विस्तार (लहरीची उंची) दोन्हींच्या, दर अर्ध्या मिनिटाला एक उत्तर काढणाऱ्या चार फेऱ्या जोडल्या. नॉइज २५ वरून १९ मायक्रोजान्स्कीवर आला, आणि आमच्या स्रोताची तीव्रता २१० वरून १४० वर घसरली. एकीने विचारले की स्रोत खरोखर बदलत असेल का. एकाच निरीक्षणाची एकच आकडेवारी दोनदा हाताळल्याने आकाशातील वस्तू बदलत नाही, हे उत्तर सोपे होते. कारण शोधायला मात्र आठवडा लागला. स्वयं-कॅलिब्रेशनच्या प्रारूपात आम्ही फक्त तेजस्वी स्रोत घेतले होते. प्रत्येक अँटेनाला इतक्या लहान अवधीत इतकी मोकळीक दिली की गणित प्रारूपात नसलेला सगळा प्रकाश, मग तो नॉइज असो की खरा फिका स्रोत, प्रारूपाकडे ओढून घेते. नॉइजचा घसरलेला आकडासुद्धा त्यामुळेच फसवा होता.

हे पडताळण्यासाठी आम्ही मोजलेल्या आकडेवारीतच, रिकाम्या जागी, २०० मायक्रोजान्स्कीचे दहा खोटे स्रोत पेरले आणि दोन्ही पद्धतींनी चित्रे काढली. पहिल्या पद्धतीत त्यांची सरासरी तीव्रता १९६ परत मिळाली, दुसऱ्या पद्धतीत १३५. आता नियम असा ठेवला आहे की विस्ताराची फेरी एकच, तीही दहा मिनिटांच्या अवधीची, प्रारूपात फिके स्रोतही घेतल्यानंतर. आणि प्रत्येक चित्रासोबत पेरलेल्या स्रोतांची चाचणी सक्तीची.

या चाचणीला संगणकाचे तीन दिवस लागतात. ३२ गिगाबाइट स्मृती जोडली, ७,२०० रुपये.

२ ऑगस्ट

एक शंका बाजूला सारायची होती. निरीक्षण चालू असताना स्रोताने स्फोट केले असतील, तर तेच चित्रात स्थिर स्रोतासारखे जमा झाले नसतील ना? एक जान्स्कीचा, तीन मिलिसेकंदांचा स्फोट तीन तासांच्या निरीक्षणावर पसरला तर त्याचा वाटा ०.३ मायक्रोजान्स्कीहूनही कमी येतो. असे शेकडो स्फोट झाले असते तरच प्रश्न उभा राहिला असता. काम अर्ध्या पानाचे होते, पण दर व्याख्यानात हा प्रश्न कोणीतरी विचारतेच.

१६ ऑगस्ट

स्थान पडताळणी. स्रोत व्हीएलएच्या जागेपासून १.६ सेकंद पश्चिमेला दिसतो. आमचा बीम, म्हणजे चित्रात बिंदुवत स्रोताचा दिसणारा ठिपका, सुमारे साडेचार कोनीय सेकंदांचा असल्याने घाबरण्याचे कारण नव्हते, तरी सोडून देण्याजोगेही नव्हते. दोन ते चार गिगाहर्ट्झच्या व्हीएलएएसएस या व्हीएलएच्या सर्वेक्षणातील बिंदुवत स्रोतांशी चित्रातील ३४ स्रोत जुळवले, तेव्हा सगळेच सरासरी १.४ सेकंदांनी पश्चिमेला सरकलेले आढळले. आयनांबरामुळे (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरामुळे) कमी वारंवारतेला असे होते आणि कलेचे कॅलिब्रेशन ते पूर्ण दुरुस्त करत नाही. सरकवून दुरुस्त केल्यावर फरक ०.२ सेकंद उरला. ०.१९३ ताम्रसृतीला एक कोनीय सेकंद म्हणजे सुमारे ३.२ किलोपार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे), त्यामुळे आमच्या चित्रावरून स्रोत बटू दीर्घिकेत आहे एवढेच म्हणता येते. दूरदूरच्या दुर्बिणी एकत्र जोडणाऱ्या युरोपीय व्हीएलबीआय जाळ्याने तो ०.७ पार्सेकहून लहान आणि स्फोटाच्या जागेपासून ४० पार्सेकच्या आत असल्याचे दाखवले आहे; त्या कामाची बरोबरी जीएमआरटीच्या पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्याने होणार नाही.

७ सप्टेंबर

गणेशोत्सवात प्रयोगशाळा बंद होती, म्हणून घरी बसून इतर तरंगलांबींकडे वळलो. ही नोंद छोटी आहे, कारण हाती फार थोडे लागले.

दृश्य प्रकाशात पॅन-स्टार्स सर्वेक्षणाच्या चित्रात ती जागा कोरी आहे. विद्यार्थिनींनी 'दीर्घिका नाही' असे लिहून टाकले होते. ते खोडायला लावले. यजमान दीर्घिकेची तांबड्या पट्ट्यातील प्रत (तेजाचे माप; आकडा मोठा तितकी वस्तू फिकी) २५.१ आहे आणि हे सर्वेक्षण तेथवर पोहोचत नाही. शिवाय ही दिशा आकाशगंगेच्या प्रतलातून जाते, त्यामुळे मधल्या धुळीनेच दृश्य प्रकाशात सुमारे २.४ प्रतींची घट होते. आम्ही पहिल्या कोष्टकात ही घट धरलीच नव्हती आणि दीर्घिकेच्या तेजाची मर्यादा जवळजवळ नऊ पटींनी चुकीची काढली होती.

क्ष-किरणांसाठी स्विफ्ट उपग्रहाच्या काही हजार सेकंदांच्या जुन्या चित्रांतून मर्यादा काढली. दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदाला सुमारे १०⁻¹³ अर्ग (ऊर्जेचे एकक) एवढा प्रवाह दिसला नाही, म्हणजे ९७० मेगापार्सेक अंतराला १०⁴³ अर्ग प्रतिसेकंदाची मर्यादा येते. चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या वेधशाळांच्या निरीक्षणांतून २०१७ मध्येच ३ × १०⁴¹ ची मर्यादा प्रसिद्ध झालेली आहे. आमचा आकडा तिच्या तीसपटीहून ढिला, म्हणून तो अहवालातून काढून टाकला. दोन आठवडे गेले. कोणत्या वेधशाळेची किती सेकंदांची नजर त्या जागी पडली आहे हे आधी पाहून, कागदावर मर्यादा काढून मगच फाइल उतरवावी.

२८ सप्टेंबर

दुसरे लक्ष्य ठरवले. तीन नावे समोर होती. एफआरबी २०१९०५२०बी हा पहिल्या स्रोताचा जणू जुळा भाऊ आहे: चीनच्या फास्ट दुर्बिणीने शोधलेला, ०.२४१ ताम्रसृतीच्या बटू दीर्घिकेतला, त्याच तोडीच्या स्थिर रेडिओ स्रोतासह. पण त्याच्याकडून नवे काही शिकायला मिळणार नाही असे वाटले. एफआरबी २०१८०९१६बी केवळ १४९ मेगापार्सेकवर आहे. पहिल्यासारखा स्रोत तेथे असता तर तो आठ मिलिजान्स्कीहून तेजस्वी दिसला असता, आणि व्हीएलएच्या खोल चित्रांत तर त्याच्या शेकडो पटींनी खालीदेखील काही नाही. उरला एफआरबी २०२०११२४ए. ०.०९८ ताम्रसृतीवरच्या, ताऱ्यांची निर्मिती जोरात चालू असलेल्या दीर्घिकेतला हा स्रोत २०२१ मध्ये स्फोटांचा सपाटा लावत असताना जीएमआरटीनेच तेथे ६५० मेगाहर्ट्झला सुमारे ०.७ मिलिजान्स्कीचे स्थिर उत्सर्जन नोंदवले होते. हाच निवडला, कारण येथे स्रोत दिसणार हे नक्की होते. तो कशाचा आहे, हे मात्र नाही.

१२ ऑक्टोबर

बँड ४ चे चित्र या वेळी नऊ दिवसांत झाले. पहिल्याला पाच आठवडे लागले होते. स्रोत पहिल्याच प्रयत्नात दिसला, आमच्या मापनात ६८० मायक्रोजान्स्की. ४५० मेगापार्सेक अंतर धरून तेजस्विता काढली तर ती दर हर्ट्झला १.६ × १०²⁹ अर्ग प्रतिसेकंद येते. स्थिर रेडिओ स्रोत म्हणावयाचा तर तेजस्विता १०²⁹ च्या वर हवी, असा एक निकष शोधनिबंधांत सुचवलेला आहे. आमचा आकडा तो निकष पार करतो.

विद्यार्थिनींनी फळ्यावर आनंदाने मोठे टिंब काढले. मी ते पुसायला सांगितले नाही, पण शेजारी बीमचा आकार काढायला सांगितला. येथे एक सेकंद म्हणजे १.८ किलोपार्सेक, आणि आमचा बीम पाच सेकंदांचा, म्हणजे नऊ किलोपार्सेकचा. त्या एका टिंबात दीर्घिकेचा बहुतेक तारानिर्मितीचा प्रदेश मावतो. नव्या ताऱ्यांच्या स्फोटांतून वेग घेतलेले इलेक्ट्रॉन एवढे रेडिओ तेज सहज देऊ शकतात. २०२१ मध्ये व्हीएलबीआय जाळ्याला तेथे आटोपशीर, म्हणजे बिंदूसारखा लहान, स्रोत दिसला नाही, आणि बहुतेकांनी हे उत्सर्जन तारानिर्मितीचेच मानले. पुढे २०२४ मध्ये व्हीएलएच्या १५ आणि २२ गिगाहर्ट्झच्या निरीक्षणांतून स्फोटाच्या जागी वेगळा आटोपशीर घटक असल्याचे प्रसिद्ध झाले आहे, त्याचा वर्णपट वारंवारतेबरोबर चढता आहे. चढता असल्यामुळेच तो आमच्या पट्ट्यात सर्वात फिका, आणि भोवतालची तारानिर्मिती सर्वात तेजस्वी. म्हणजे ६५० मेगाहर्ट्झला आम्ही मोजतो आहोत ते प्रामुख्याने दीर्घिका आहे.

२ नोव्हेंबर

तरीही बँड ५ मध्ये, सुमारे १२५० मेगाहर्ट्झला, दोन सेकंदांच्या बीमने स्रोत पसरट दिसतो का हे पाहायचे ठरवले. बिंदू असेल तर शिखर तीव्रता आणि एकूण तीव्रता सारखी यायला हवी. आमच्याकडे शिखर एकूणच्या ०.६८ पट आले. पसरट, असे लिहिण्यापूर्वी भोवतालचे बारा बिंदुवत स्रोत तपासले, तर त्यांचेही गुणोत्तर ०.७ च्या आसपास! मग पसरटपणा कलेतील उरलेल्या दोषांचा म्हणायचा का?

येथे दिवाळीची सुटी संपेपर्यंत घोळ चालला. उलगडा असा झाला की काम हलके करण्यासाठी आम्ही सोळा-सोळा चॅनेल (वारंवारतेच्या अरुंद पट्ट्या) एकत्र केले होते. ४०० मेगाहर्ट्झचे २०४८ चॅनेल म्हणजे प्रत्येकी ०.२ मेगाहर्ट्झ, सोळा मिळून ३.१. या वारंवारतेला चित्राच्या मध्यापासून दहा मिनिटे दूर असलेला स्रोत त्यामुळे दीड सेकंद ओढला जातो, जो बीमच्या पाऊण पट आहे. मध्यावरच्या लक्ष्याला हा दोष अजिबात लागत नाही. म्हणजे आम्ही ज्या स्रोतांना साक्षीदार मानले तेच बिघडलेले होते, आणि बिघाडाचे कारण लक्ष्याला लागू नव्हते.

२३ नोव्हेंबर

चार-चार चॅनेल ठेवून सर्व पुन्हा केले. डिस्कवरचा भार चौपट, वेळ अकरा दिवस. मध्ये एकदा वीज गेली आणि यूपीएसने वीस मिनिटेच साथ दिल्याने दोन दिवसांची फेरी बुडाली. आता आज्ञावली दर टप्प्याला प्रत ठेवते.

साक्षीदार स्रोतांचे गुणोत्तर ०.९४ वर आले. लक्ष्याचे ०.७० राहिले. त्रुटी ±०.०९ असल्याने लक्ष्य पसरट आहे असे आम्ही लिहितो आहोत. त्याखाली एखादा आटोपशीर घटक दडला असेल तर त्याच्यावर आमच्या चित्रातून १९० मायक्रोजान्स्कीची वरची मर्यादा येते, आणि ती चढत्या वर्णपटाच्या घटकाला मुळीच आडवी येत नाही. अहवालाचे शीर्षक 'स्थिर स्रोताचा शोध' वरून 'यजमान दीर्घिकेच्या रेडिओ उत्सर्जनाचे मापन' असे बदलले. एका विद्यार्थिनीला हे पटलेले नाही. तिच्या मते बँड ३ (बँड ४ हून कमी वारंवारतेचा पट्टा) आणि बँड ४ मधील उतार काढून तारानिर्मितीचा वाटा वजा करता येईल. तसे केल्यास दोन चित्रांतील मापाची दहा-दहा टक्क्यांची अनिश्चितता वजाबाकीत कशी फुगते ते तिने स्वतः मोजून दाखवावे, असे ठरले आहे.

३० नोव्हेंबर

आतापर्यंतचा खर्च हार्ड डिस्क, स्मृती आणि यूपीएसच्या नव्या बॅटऱ्या मिळून २३,१०० रुपये. साडेपाच महिन्यांपैकी उपयोगी ठरलेले काम सुमारे सात आठवड्यांचे. उरलेला वेळ चुकीचे निर्देशांक, बेसुमार स्वयं-कॅलिब्रेशन, चॅनेलांची काटकसर आणि स्विफ्टच्या चित्रांत गेला. बँड ३ च्या निरीक्षणाची फाइल काल रात्रीपासून उतरते आहे. तिच्यासाठी जागा करायला फिट्सच्या सर्व मधल्या प्रती पुसल्या. मूळ एलटीए फाइली आणि पेरलेल्या स्रोतांच्या जागांची यादी मात्र ठेवली आहे.